मुका खांब

तीस वर्षं मी मोजत होते.
नाशिकरोडचा प्रेस, सकाळची पाळी,
बोटांना शाईचा वास, जेवतानाही.
एक नोट कमी भरली
तर सगळी पाळी जागच्या जागी थांबायची,
कुणी घरी जायचं नाही.
आणि एवढं मोजून बाहेर पडताना
झडतीवाल्या बाईपुढे हात पसरायचे :
रिकामे.

आता सहा साखळ्या, गोल जोडून घ्यायचा,
पहिल्या फेरीत बारा, दुसरीत चोवीस,
मग छत्तीस. बोटांना सवय आहेच.
क्रोशात एक टाका असतो, त्याला मुका खांब म्हणतात.
फार उंच नसतो,
दिसतही नाही वेगळा.
सगळी टोपी त्याच्यावर उभी.

लोकर चालत नाही. हे पुष्पलता अहेरने सांगितलं,
तिची स्वतःची चौथी केमो झाल्यावर :
"अगं, उशीची शिवणसुद्धा टोचते."
म्हणून सुती दोरा, विणण्याआधी दोनदा धुतलेला,
आणि गाठी सगळ्या बाहेर.
जन्मभर सुबक बाजू लोकांना दाखवली,
इथे ती आत वळवायची,
डोक्याच्या बाजूला.

मापाला नवऱ्याचं टक्कल.
पेपर न सोडता तो डोकं पुढे करतो,
पोळ्याच्या बैलासारखं.

निफाडचा पारा पहिल्या पानावर आला होता,
बागांत द्राक्षांसाठी शेकोट्या पेटल्या होत्या,
त्या आठवड्यात एकनाथ बिडवे आले.
रामकुंडावर वस्तरा चालवतात, वडिलांच्या जागेवर.
पायरीवरच उभे. "बायकोसाठी पाहिजे होती."
मग पाणी प्यायले, आणि बसले.

"केस उशीवर यायला लागले, तर म्हणाली, तुम्हीच काढा.
मोरीत पाट मांडला.
वाटलं होतं, हात कापेल.
नाही कापला हो.
कानामागून नीट फिरला, रोज फिरतो तसा.
आणि झाल्यावर तोंडातून गेलं,
घाटावर प्रत्येकाला म्हणतो तेच :
चला, आंघोळ करून घ्या.
ती हसली. खूप हसली.
मी तेव्हापासून..."
पुढचं त्यांनी पेल्यातच पाहिलं.

मी टेप शोधत होते.
तर त्यांनी दोन्ही तळवे समोर धरले :
"एवढं."
हात रिकामेच. पण त्यांच्यामध्ये
एक डोकं होतं, कानांसकट,
मागे जरा चपटं.
मी टेप लावली त्या हवेला.
साडेएकवीस.

"रंग?"
"गुलाबी नको म्हणालीय. मी काय बारशाला निघालेय, म्हणते."
खिशातून कांद्याची साल काढली, रुमालात घडी घातलेली.
"हा."

रविवार कारंजावरच्या दुकानात
पोराने चार खोकी उघडली त्या सालीपायी.
उजेडात धरली की तांबडी, सावलीत जांभळी.
शेवटी दोन दोरे एकत्र घेतले.

सातव्या फेरीत एकाहत्तर भरले.
बहात्तर हवेत.
पुन्हा मोजले. एकाहत्तर.
घालणाऱ्याला कळलं नसतं,
दाखवूनही दिसलं नसतं.
नवरा म्हणाला, झोप आता, एक वाजला.
उसवली.
दोऱ्याला पडलेले वळसे मांडीवर साचत गेले,
मी दिवा बंद केला नाही.

गुरुवारी बिडवे आले.
टोपी त्यांनी ओढून पाहिली नाही,
आत-बाहेर उलटून पाहिली नाही,
फक्त दोन तळव्यांत धरली,
डोळे मिटले,
म्हणाले, "बरोबर."

प्रेसमध्ये हिशेब जुळला
की सुपरवायझर हाच एक शब्द बोलायचे,
आणि फाटक उघडायचं.